अजून लपूनच राहायचं का, बाबा?

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी ऑफिसवरून आले, लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा सहा वर्षांचा पोरगा आणि त्याची आई होती, आणि दार बंद होता होता पाचव्या मजल्यावरचा तो आफ्रिकन विद्यार्थी धावत आत आला. एका हातात पिठाची पाच किलोची पिशवी, दुसऱ्या हातात भाजी, त्यातून कोथिंबिरीची जुडी बाहेर लोंबत होती. पोरानं मान वर करून त्याला नीट बघून घेतलं, पाय जुळवले, दोन्ही मुठी आवळून हातांची छातीवर फुली केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वाकांडा फॉरेव्हर!" तो विद्यार्थी हसला, म्हणजे ओठ हसले, दोन्ही हात अडकलेले म्हणून त्यानं नुसती मान हलवली. आईनं पोराचा खांदा धरून त्याला मागे ओढून घेतलं, पार स्वतःच्या पायांना चिकटवून. तिसरा मजला आला, ते उतरले. मग वरचे दोन मजले आम्ही दोघंच होतो आणि मी पूर्ण वेळ त्या लाल आकड्यांकडे बघत उभी होते.

कारण आदल्याच रविवारी मी सही केली होती.

सोसायटीची मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय क्रमांक चार, परदेशी बॅचलर भाडेकरू. आफ्रिकन असा शब्द कागदावर कुठेच नव्हता, पण आमच्या बिल्डिंगमध्ये परदेशी बॅचलर म्हणजे पाचव्या मजल्यावरची ती चार मुलंच. रात्री उशिरा येतात, जेवणाचा वास येतो, मित्र फार येतात, आणि कुणीतरी म्हणालं की लिफ्टमध्ये एकटं असलं की भीती वाटते. त्यांनी कुणाला काही केलं, काही बोलले, असं एकही उदाहरण कुणी दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. ठरलं असं की जूनमध्ये करार संपला की घरमालकानं तो वाढवू नये. मग रजिस्टर फिरलं, त्याला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. माझ्यापर्यंत आलं तेव्हा बावीस सह्या झालेल्या होत्या. घरी कुकर लावायचा होता, उद्याच्या डब्याची भाजी चिरायची होती, शेजारची काकू माझ्याकडे बघत होती. मी तेविसावी सही केली आणि रजिस्टर पुढे दिलं. दोन सेकंदांचं काम.

त्या पोराचा तो ब्लॅक पँथर सिनेमातला सलाम बघितला आणि मला एकदम २०१८ चा फेब्रुवारी आठवला. मी बाबांना इंग्रजी सिनेमाला कधी नेत नसे, त्यांना मारामारी आवडत नाही. त्या दिवशी निघताना सहज म्हटलं, ब्लॅक पँथर बघायला जातेय, तर त्यांनी पेपर खाली ठेवला. "पँथर? कुठली पँथर?" मी म्हटलं बाबा, ती नाही, मार्व्हलचा सिनेमा आहे, काळ्या मांजरासारखा सूट घातलेला राजा आहे, आफ्रिकेतला. म्हणाले, "नाव तर तेच आहे ना." आणि इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मल्टिप्लेक्सच्या त्या थंडगार अंधारात थ्रीडी चष्मा आपल्या चष्म्यावर बसवत बसलेले बाबा मला अजून दिसतात. पडदा काळा होता आणि पहिला शब्द ऐकू आला तो एका लहान मुलाचा, "बाबा?" बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं चुकून ऐकलं. पण तो मुलगा बाबाच म्हणत होता, मला घरची गोष्ट सांगा म्हणून हट्ट करत होता. स्वाहिलीत, झुलूत, आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत वडिलांना बाबाच म्हणतात हे मला नंतर कळलं, पण बाबांना त्या क्षणीच तो सिनेमा आपला वाटायला लागला होता.

मग त्या काळ्या चमकत्या वाळूतून सगळी गोष्ट उलगडत जाते. आकाशातून पडलेला व्हायब्रेनियम नावाचा अद्भुत धातू, पाच टोळ्या, पहिला पँथर, आणि मग बाहेर जग पेटत असताना, साखळ्यांनी बांधलेली माणसं जहाजांकडे नेली जात असताना, सगळं असूनही स्वतःला झाकून घेणारं वाकांडा, त्या राजाचा देश. मुलगा विचारतो, आणि आपण अजून लपतोय का, बाबा? हो. का? इथे उत्तर येत नाही. पुढचे दोन तास म्हणजे या एका "का?" चं उत्तर शोधणं आहे असं मला वाटतं, आणि मला तो सिनेमा आवडतो तो मुख्यतः यासाठी.

लगेच पुढचा शॉट अमेरिकेतल्या ओकलंडचा, साल १९९२. ज्या वर्षी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बडवणारे पोलीस सुटले म्हणून लॉस एंजेलिस पेटलं होतं ते वर्ष. पोरं बास्केटबॉल खेळतायत, धड जाळी नाही, क्रेट ठोकून त्याचीच बास्केट केलेली. दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः तिथलाच, ओकलंडला जन्मलेला. त्याचा पहिला सिनेमा ऑस्कर ग्रँटवर होता, १ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंडच्याच एका रेल्वे स्टेशनवर पोलिसाच्या गोळीनं मेलेल्या बावीस वर्षांच्या पोरावर. आणि याच ओकलंडमध्ये ऑक्टोबर १९६६ ला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॉमिकमधलं पात्र त्याच्या काही महिने आधीचं, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचं, आणि पार्टीनं आपला पँथर कॉमिकमधून घेतला नव्हता, तो आला अलाबामामधल्या लाउंडस काउंटीच्या मतदारांच्या पक्षाच्या चिन्हावरून. बंदुका घेऊन पोलिसांच्या गाडीमागे फिरणारी पँथर सगळ्यांना माहीत असते, पण त्याच पँथरनं १९६९ पासून शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. क्रेटची बास्केट बघताना मला तो नाश्ता आठवत होता.

बाबांना मात्र वरळी आठवत होती. ते बीडीडी चाळीत वाढले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, ओकलंडचं नाव घेऊनच निघाली, तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते, आणि ५ जानेवारी १९७४ ची वरळीची सभा आणि त्यानंतरची दंगल त्यांनी गॅलरीतून बघितलेली. म्हणजे बघितली असं ते म्हणतात, आजी सांगायची की तिनं त्यांना तीन रात्री खाटेखाली झोपवलं होतं, पुढून दोन ट्रंका लावून. पोलीस पोरांना उचलत होते. आजीला पँथर काय, कविता काय, जाहीरनामा काय, काही माहीत नव्हतं, पोरगा लपवायचा एवढं तिला कळत होतं.

आणि हे लपणं तिथे संपलं नाही. १९८३ ला बाबांना पुण्यात नोकरी लागली, खोली शोधायला लागले. खोली दाखवायचे, भाडं ठरायचं, मग घरमालक विचारायचा, आडनाव? आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे अचानक पाहुणे येणार असायचे. चार ठिकाणी असं झालं. पाचव्या ठिकाणी बाबांनी आडनाव न सांगता गावाच्या नावाला कर जोडून सांगितलं. पुढे गॅझेटमध्ये तेच करून घेतलं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच आहे आणि आज माझ्या दाराच्या पाटीवरही तेच आहे. त्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं लावलेला होता. सकाळी आई कपाट उघडायची, उदबत्ती ओवाळायची, कपाट बंद करायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं असतं. कपडे काढायला गेलं की बाबासाहेब, आणि फ्रॉकला चंदनाचा वास.

त्यामुळे वाकांडा लपलं यात मला पळपुटेपणा दिसत नाही. ज्याच्या जमिनीत काही आहे त्याचं जग काय करतं हे बघायला कॉमिक नको, काँगो बघा. बेल्जियमच्या राजा लिओपोल्डनं रबरासाठी तिथल्या माणसांचे हात तोडले, हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं बरंचसं युरेनियम काँगोच्या खाणीतलं होतं, आणि आज आपल्या सगळ्यांच्या फोनच्या बॅटरीत जो कोबाल्ट आहे तोही जगातला निम्म्याहून जास्त तिथूनच निघतो, तरी काँगोतला माणूस गरीबच. १८८४-८५ ला बर्लिनला टेबलाभोवती बसून युरोपनं आफ्रिका कापून वाटून घेतली. अशा जगात वाकांडानं वर जंगल आणि मेंढपाळ दाखवून खाली शहर झाकलं तर त्यात चूक काय? माझ्या आजीनं ट्रंका लावल्या, तशाच त्यांनीही.

पण सिनेमातलं शहर उघडतं ना, जहाज त्या खोट्या जंगलातून आरपार जातं आणि ढोलावर ती सेनेगलच्या बाबा मालची तान उठते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही येतो. मी काळी आहे. लग्नाच्या बायोडेटावर सावळी लिहिलेली काळी, डाळीच्या पिठात आणि सायीत वाढलेली. पडद्यावर एवढे काळे लोक एकत्र, आणि एकही मोलकरीण नाही, गुंड नाही, उपाशी पोर नाही, राजा काळा, शास्त्रज्ञ काळी, तीही सोळा वर्षांची आणि भावाची थट्टा करणारी, सेनापती काळी, डोक्यावर केस नसलेली आणि इतकी सुंदर. बुसानच्या कॅसिनोत ही सेनापती, ओकोये, तो डोक्यावरचा विग उपटून माणसाच्या तोंडावर फेकते तेव्हा मी मोठ्यानं ओरडले होते. आणि ते कपडे! रुथ कार्टरनं कुठून कुठून काय काय आणलंय, राणीचा मुकुट झुलू बायकांच्या लग्नानंतरच्या टोपीवरून आणि तो चक्क थ्रीडी प्रिंट केलेला, सीमेवरच्या लोकांच्या अंगावर लेसोथोची घोंगडी, कुणाचे केस नामिबियाच्या हिंबा बायकांसारखे लाल मातीत माखलेले. राजदरबारात एक म्हातारा बसलाय, हिरवा कडक सूट घातलेला आणि खालच्या ओठात तबकडी. हा माणूस मी किती वेळा पॉज करून बघितलाय. आपण लहानपणी असे ओठ फक्त एकाच प्रकारे बघितले, डॉक्युमेंट्रीत, उघड्या अंगाच्या माणसांचे, लांबून झूम करून, आणि हसायला शिकलो. इथे तो राज्य चालवतोय आणि त्याला कुणी निरखून बघत नाही. माझ्या मते सगळ्या सिनेमात यापेक्षा मोठी राजकीय गोष्ट नाही. भविष्यात जायला आधी स्वतःचं अंग, केस, कातडी गेटबाहेर सोडून यावी लागत नाही.

कार्टरला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, वेशभूषेसाठी ते मिळवणारी ती पहिली काळी बाई. काळ्या लोकांचे सिनेमे परदेशात चालत नाहीत हे हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं ऐकवलं जायचं, याने जगभरात एकशे तीस कोटी डॉलरच्या वर कमावले. सौदीत पस्तीसेक वर्षांनी थिएटर उघडलं, एप्रिल २०१८ ला रियाधमध्ये, तर पहिला लागला तो हाच. अमेरिकेत आजी-आजोबा आफ्रिकन कापडाचे कपडे शिवून लग्नाला जावं तसे बघायला गेले. मी त्या रांगांचे फोटो बघत बसायचे, त्यातल्या म्हाताऱ्या बायकांचे चेहरे चौदा एप्रिलला माझ्या आत्या पांढरी साडी नेसून निघतात तेव्हा असतात तसेच होते.

किलमाँगरबद्दल, म्हणजे राजा टचालाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या खलनायकाबद्दल, मात्र माझं अजून ठरत नाही. बाबांचं ठरलेलं आहे. म्युझियममध्ये तो त्या गोऱ्या बाईला विचारतो, तुमच्या पूर्वजांनी हे कसं मिळवलं, योग्य किंमत दिली का, की बाकी सगळं घेतलं तसंच घेतलं? तेव्हा बाबा सीटवर पुढे सरकून बसले. ब्रिटिशांनी १८९७ ला बेनिनवर हल्ला करून हजारो वस्तू उचलून नेल्या, त्यातल्या शेकडो आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहेत, सिनेमातलं म्युझियम खोटं असलं तरी प्रश्न खोटा नाही. २०२५ ला रघुजी भोसल्यांची तलवार सरकारनं लंडनच्या लिलावात सत्तेचाळीस लाख मोजून परत आणली आणि त्याआधी २०२४ ला वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, तेव्हा बाबांनी फोन करून मला तोच डायलॉग ऐकवला. एक उसनी आणली, एक विकत आणली, म्हणाले, किंमत आपणच देतोय.

किलमाँगरच्या बापाला त्याच्या सख्ख्या भावानं, म्हणजे टचालाच्या बापानं, तेव्हाच्या वाकांडाच्या राजानं, ओकलंडच्या त्या फ्लॅटमध्ये मारलं आणि पोराला तिथेच सोडून दिलं, गुपित फुटू नये म्हणून. त्यानंतर तो पोरगा जो काही झाला तो झाला. टचाला पूर्वजांना भेटायला जातो तेव्हा त्याला मोकळं रान, जांभळं आकाश, झाडावर बसलेले पँथर दिसतात. किलमाँगर जातो तर त्याला तोच लहानसा फ्लॅट दिसतो, फक्त खिडकीबाहेर जांभळं आकाश, ज्याच्यापर्यंत तो पोचत नाही. बाप विचारतो, माझ्यासाठी डोळ्यात पाणीसुद्धा नाही? तो म्हणतो, सगळेच मरतात, इकडे असंच असतं. बोलताना तो एकदा मोठा दिसतो एकदा लहान, लहान असतो तेव्हा चेहरा कोरडा आणि मोठा होतो तेव्हा गालावर पाणी. हा सीन मी एकटीनं बघू शकत नाही. आणि मग टचाला दुसऱ्यांदा तिथे जातो आणि आपल्या बापाला, सगळ्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात, सगळेच चुकलात, जगाकडे पाठ फिरवलीत. ज्यांनी लपून आपल्याला जगवलं त्यांना असं सांगायचं म्हणजे काय असतं, मला बाबांकडे बघायचं धाडस झालं नाही.

शेवट मला पटलेला नाही, तेव्हाही आणि आताही. ज्यानं प्रश्न विचारला तो मरतो, आणि वाकांडाचा मित्र कोण तर सीआयएचा माणूस, ज्या सीआयएनं आफ्रिकेत काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. किलमाँगरला आधी इतका क्रूर केलाय, आपल्याच मैत्रिणीला गोळी घालणारा, म्हाताऱ्या बाईचा गळा धरणारा, की आपल्याला त्याच्या बाजूनं उभं राहताच येऊ नये. हा हिशेब करून केलेला अन्याय आहे असं मला वाटतं. आणि तरीही मरताना तो म्हणतो मला समुद्रात टाका, माझ्या त्या पूर्वजांजवळ ज्यांनी जहाजावरून उड्या मारल्या, कारण गुलामीपेक्षा मरण बरं हे त्यांना कळत होतं, आणि कोट्यवधींच्या थ्रीडी सिनेमात हे वाक्य कुणीतरी बोलू दिलं याचंही मला नवल वाटतं. बाहेर आल्यावर बाबा एस्कलेटरवर माझा हात धरून उभे होते. म्हणाले, "त्याला मारायला नको होतं." घरी येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, लॉकडाऊन चालूच होता, सकाळी त्यांचा फोन. "आपला पँथर गेला गं." टचाला झालेला चॅडविक बोसमन, त्रेचाळीस वर्षांचा, आतड्याचा कॅन्सर. २०१६ पासून होता, म्हणजे हा सिनेमा केला तेव्हा होताच, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. त्याची एक जुनी मुलाखत त्या दिवशी सगळीकडे फिरत होती, कॅन्सर झालेल्या दोन पोरांबद्दल बोलताना तो रडतोय, सिनेमा लागेपर्यंत तग धरायचा असं ती पोरं म्हणत होती. टचालानं इंग्रजांसारखं बोलू नये, ज्या देशावर कुणी राज्य केलं नाही तिथला राजा राणीच्या उच्चारात कशाला बोलेल, यासाठी तो अडून बसला होता. स्वतःचं दुखणं झाकलं, आवाज झाकू दिला नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी लिफ्टमधल्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी गाठलं, म्हटलं माझी सही खोडायची आहे. म्हणाले, मॅडम, ठराव झाला, एका सहीनं काय होतंय, आणि तसंही जूनला अजून वेळ आहे. मी म्हटलं तरी खोडायची आहे. रजिस्टर ऑडिटला गेलंय म्हणाले.

मग परवा संध्याकाळी मी पाचव्या मजल्यावर गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, इंग्रजीतून तर अजिबात नाही. बेल वाजवली. दार साखळी लावून बोटभर उघडलं, फटीतून तोच चेहरा. "येस? हू आर यू?" सिनेमाच्या अगदी शेवटी ओकलंडचं एक पोरगं त्या बास्केटच्या मैदानावर टचालाकडे बघत हेच विचारतं, आणि तिथेच सिनेमा संपतो. मी म्हटलं, सिक्स्थ फ्लोअर, सिक्स झिरो थ्री. तो वाट बघत उभा. मग मी नाव सांगितलं, आणि आडनाव सांगितलं, पाटीवरचं नाही, आधीचं, आजीचं. असं अनोळखी माणसाला ते मी पहिल्यांदाच सांगत होते. त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्या वेळी जवळजवळ बरोबर. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला, त्यानं "वन मिनिट, वन मिनिट, चपाती!" म्हणत घाईनं साखळी काढली आणि आत पळाला. मी उंबऱ्यातून म्हटलं, अरे वा, इथे येऊन शिकलास? आतून तव्याचा आवाज, आणि तो म्हणाला, नो नो, ही आमचीच, टांझानियात माझी आई रोज करते, आम्हीही चपातीच म्हणतो, चहालाही चायच म्हणतो, बसा ना.

दार तसंच उघडं होतं. मी एक चप्पल काढली होती, आणि सहीचं अजून सांगायचं होतं.